आठवी चकती

शनिवार पेठेत दादामियाँचं टप शिवायचं दुकान आहे. टप म्हणजे उघड्या गाडीवरचं कापडाचं छप्पर, हवं तेव्हा वर ओढायचं, नको तेव्हा मागं दुमडून ठेवायचं. पूर्वी टांग्यांना असायचे, मग जीपगाड्यांना, आणि जुन्या काळच्या त्या लांबलचक मोटारींनाही. टांगे गेले, जीपगाड्याही गेल्या. आता दादामियाँ रिक्षांचे हूड शिवतात, सोफ्यांची कव्हरं शिवतात, आणि वर्षातून एखादी जुनी मोटार आली की घरात ईद आल्यासारखे खुलतात. बहात्तर वर्षांचे आहेत. उंच होते, आता मशीनवर वाकून वाकून जरा आखूड झालेत.

त्यांची एक सवय सांगायलाच हवी, कारण सगळं पुढचं त्या सवयीवरच आहे. गाडीचं काही खोलायला घेतलं की डाव्या बाजूचं सामान कुडत्याच्या डाव्या खिशात आणि उजव्या बाजूचं उजव्या खिशात. कागदावर लिहून ठेवणं नाही, डबे नाहीत, फोनवर फोटो काढणं नाही. खिसे त्यांनी स्वतःच शिवलेले, आतून टपाचंच कापड लावलेले, गुडघ्यापर्यंत खोल. त्यांची बायको अमिनाबी म्हणायची, "तुमचा कुडता धुवायचा म्हणजे आधी हार्डवेअरचं दुकान रिकामं करायचं."

तर असे हे दादामियाँ गेल्या वर्षापासून विसरायला लागले. जुम्म्याला स्कूटरवर मशिदीत गेले आणि चालत घरी आले. मग घरी स्कूटर दिसेना, तर चोरीची तक्रार द्यायला निघाले. वाटेत मशीद लागली, तिथं स्कूटर उभी! पुढच्या महिन्यात दुकानाचं शटर सताड उघडं टाकून घरी येऊन जेवले. मुलगा कामरान हिंजवडीला कंपनीत कामाला. चांगला मुलगा, बापावर जीव टाकणारा, पण काळजी वाटली की त्याचा आवाज चढतो.

"अब्बा, आता बास. घरी बसा, आराम करा."

"घरी बसून काय करू? तुझ्या अम्मीच्या भाज्या निवडू?"

"निवडा की," अमिनाबी आतून म्हणाली, "पण निवडलेली कुठली आणि टाकायची कुठली ते लक्षात ठेवा."

असा वाद बरेच दिवस चालला होता. आणि त्यातच सदाशिव पेठेतल्या आप्पासाहेबांचा निरोप आला की आमच्या जुन्या उघड्या मोटारीच्या टपाचा सांगाडा गंजलाय, बघून जा.

आप्पासाहेबांची गाडी म्हणजे दादामियाँच्या घरातलं माणूसच. तो टप पहिल्यांदा बसवला तो दादामियाँच्या वडिलांनी, त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. पुढं कापड तीन-चार वेळा बदललं ते दादामियाँनी. पण कापडाच्या खालचा तो लोखंडी सांगाडा, त्या कमानी, ते सांधे, ते कधी कोणी जागचं हलवलं नव्हतं. उस्तादांनी बसवलं तसंच होतं.

कामराननं हे ऐकलं आणि म्हणाला, "ठीक आहे. हे काम करा. सांगाडा तुम्ही काढा, तुम्हीच बसवा, होता तसा. बसला तर मी परत दुकानाचं नाव काढणार नाही. नाही बसला तर शटरची किल्ली माझ्याकडे."

अमिनाबी भाकरी थापत होती. ती भाकरी जरा जास्तच पातळ झाली.

आप्पासाहेबांच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच काम काढलं. बरोबर बद्रीनाथला घेतलं. हा त्यांच्या शेजारच्या गाळ्यातला रंगारी, वाशिमकडचा, पंधरा वर्षं पुण्यात आहे तरी बोली तिकडचीच. कापड उतरवलं, खिळे उपसले, आणि सीटच्या मागं जिथं सांगाड्याचे दोन पाय गाडीला बोल्टांनी आवळलेले असतात ते बोल्ट सोडवले. साठ वर्षांचे बोल्ट ते, तेल पाजून पाजून एकदाचे हलले. पायांच्या खाली चामड्याच्या चकत्या होत्या. मधे भोक असलेल्या, तेल पिऊन काळ्या पडलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. दादामियाँ गाडीत पुढं तोंड करून गुडघ्यांवर बसले होते. सवयीनं हात चालला. डावीकडच्या डाव्या खिशात, उजवीकडच्या उजव्या. मग एका बाजूनं ते आणि एका बाजूनं बद्रीनाथ, दोघांनी मिळून सांगाडा उचलला. छोट्या टेम्पोत घातला, त्याच्याबरोबर बद्रीनाथला पाठवलं, आणि स्वतः चालत घरी आले.

चालताना डावा खिसा मांडीवर आपटत होता. एवढं त्यांना आठवतं.

घरी आल्यावर कुडता काढून टाकला आणि झोपले. अमिनाबीनं खिसे रिकामे केले. बोल्ट एका डब्यात. चकत्या इतक्या चिकट होत्या की तिनं त्या स्टीलच्या वाडग्यात गरम पाणी आणि साबण घालून चांगल्या चोळल्या, एकेक सुटी केली, खिडकीत वाळत टाकल्या. बाईचा हात स्वच्छ, दुसरं काय!

दादामियाँनी उठून बघितलं. मोजल्या. सात.

परत मोजल्या. सातच.

"अमिना, एक कुठे आहे?"

"एक काय?"

"चकती. सात आहेत."

"सात होत्या तर सात आहेत."

"सात कशा असतील? दोन पाय आहेत. इकडे चार, तिकडे चार. आठ पाहिजेत."

आता हे त्यांना कोणी शिकवलं होतं? उस्तादांनीच. लहानपणापासून कानात एकच, टप म्हणजे डोक्यावरची टोपी, दोन्ही बाजू सारख्या पाहिजेत, एक धागा इकडेतिकडे चालणार नाही. कापड बेतताना उस्ताद आधी ते मधोमध दुमडायचे आणि मगच कात्री लावायचे. असा माणूस एका पायाखाली चार आणि दुसऱ्याखाली तीन ठेवेल? या जन्मात नाही.

झालं. घरभर आठवी चकती शोधणं सुरू झालं. पलंगाखाली बघितलं. बाथरूमच्या मोरीची जाळी काढली. वॉशिंग मशीन तिरकं केलं, त्यातून कामरानचा हरवलेला पेनड्राइव्ह निघाला, चकती नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पोवाल्याला गाठला, त्याचा टेम्पो झाडून काढला. पार्किंगमध्ये जाऊन गाडीखाली बॅटरी मारून पाहिलं. आप्पासाहेबांची बायको, राधाबाई, वरून बाल्कनीतून बघत होत्या.

"दादामियाँ, काय हरवलं?"

"चकती, वहिनी. चामड्याची."

"केवढी?"

"रुपयापेक्षा मोठी, पापडापेक्षा लहान."

त्यांनी खाली येऊन आपला पदर खोचून शोधलं. दोन क्लिपा आणि कोणाचं तरी कानातलं सापडलं.

बद्रीनाथला विचारलं. "तुला आठवतं का रे, किती होत्या?"

"मले काय माहीत, चाचा? तुमी म्हनलं पकड, मी पकडलं. मी तर वर पाहून ऱ्हायलो होतो, डोक्यावर पडते की काय म्हनून."

आणि दादामियाँ स्वतः? ते आठवायला बसले की आणखीच गुंता व्हायचा. मोजल्या होत्या का काढताना? मोजल्या असतील. हात मोजतो, डोकं मोजत नाही. डावा खिसा मांडीवर आपटत होता, म्हणजे डावीकडे जास्त होत्या? की पाना ठेवला होता त्या खिशात? पाना तर पिशवीत असतो. पण त्या दिवशीही पिशवीतच होता हे कशावरून? ज्या माणसानं स्कूटर मशिदीपाशी सोडून चोरीची तक्रार द्यायला निघावं, त्यानं आपल्या मांडीवर तरी किती भरवसा ठेवायचा! त्यांनी अमिनाबीला विचारलं, "कुठल्या खिशात किती होत्या?" ती म्हणाली, "मी काय हजेरी घेतली त्यांची? घाण होतं, धुतलं."

कामरान ऑफिसातून आला की बघायचा, अब्बा ओणवे होऊन फ्रिजखाली काठी घालतायत. आता त्याचा आवाजही चढायचा नाही, बूट काढून तो सरळ आत जायचा. तेच दादामियाँना जास्त लागायचं.

शेवटी त्यांनी जुन्या चामडी पिशवीतून एक नवी चकती कापली. बाकीच्या काळ्या, ही पिवळट. त्यात ती ओळीत ठेवली की परक्या घरी जेवायला आलेल्यासारखी दिसायची.

तीन आठवडे काम चाललं. गंज खरवडला, वाकलेल्या दोन पट्ट्या सरळ केल्या, सांध्यांत ग्रीस भरलं, बद्रीनाथनं रंग दिला. सांगाडा असा झाला की दुकानापुढून जाणारा माणूस थांबून बघायचा. दादामियाँ सुतळी लावून मोजायचे, डावी कमान, उजवी कमान, केसाचा फरक नाही. मनात आलं, चकतीचं जाऊ दे, सांगाडा तर अगदी नेमका आहे.

आणि मग बसवायला गेले. इकडे चार, तिकडे चार. बोल्ट आवळले. दोघांनी कमानी वर ओढल्या, पुढची लाकडी पट्टी काचेच्या चौकटीवर टेकवायची, खटका लावायचा आणि मग कापड. पट्टी उजवीकडे चौकटीवर टेकली. डावीकडे जाऊन बघतात तर खटक्याचा आकडा आपल्या खाचेत जायचं नावच घेईना, पट्टी तिकडे वाकडी होऊन बाहेरच्या बाजूला सरकलेली. तिथं दाबली तर उजवीकडून बोटभर फट.

आप्पासाहेब खाली आले. ऐंशीच्या पुढचे, काठी हातात, काठीपेक्षा सरळ. त्यांनी एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं.

"वा. इकडून पावसाळा, तिकडून उन्हाळा. सोय उत्तम आहे."

"बसेल, साहेब. नवा रंग आहे, सांधे घट्ट आहेत."

"नेलात तेव्हा बसत होता हो. वाटेत वाढला का?"

दादामियाँनी बोल्ट ढिले करून परत आवळले. पुन्हा तेच. पाय एकमेकांच्या जागी तर लावले नाहीत ना? नाही, ते उलटे लागतच नाहीत. कमानी काढून, कागदावर आखून मोजल्या. बरोबर. मग वाकडं काय आहे? दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. नवी चकती जाड आहे का म्हणून ती तासली. मग पातळ झाली म्हणून दुसरी कापली. ती डावीकडे लावली, उजवीकडे लावली. प्रत्येक वेळी पट्टी काहीतरी वेगळंच करायची, आणि प्रत्येक वेळी दादामियाँना वाटायचं, आपण काहीतरी विसरतोय, साधंच काहीतरी, जिभेवर आहे आणि येत नाही.

"हा सांगाडा याच गाडीचा आहे ना?" अमिनाबीनं रात्री जेवताना विचारलं.

एरवी ते हसले असते. त्या दिवशी घास हातात धरून ते खरंच विचार करायला लागले. तिनं ते पाहिलं. ताटात डाळ वाढली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी कामरान त्यांना न्यायला सदाशिव पेठेत आला. सांगाडा उतरवून भिंतीला टेकवलेला. अब्बा पार्किंगच्या फरशीवर मांडी घालून बसलेले, पुढ्यात चकत्या ओळीनं मांडलेल्या, सात काळ्या आणि एक पिवळी. बोट ठेवून मोजत होते. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. संपलं की परत पहिल्यापासून.

कामराननं चकत्या गोळा केल्या, पिशवीत घातल्या, बापाला हाताला धरून उठवलं. "चला अब्बा. चहा पिऊ." घरी आल्यावर चकत्या परत खिडकीतल्या वाडग्यात टाकल्या. सकाळी दादामियाँनी दाराजवळच्या खिळ्याकडे हात नेला, तर दुकानाची किल्ली तिथं नव्हती.

त्यांनी विचारलं नाही. कबूल केलं होतं ना! खाटेवर बसले. पण मनाला पटेना हो. माणूस म्हातारा झाला, विसरला, हे पटेल. पण लोखंड का विसरावं? दोन्ही बाजू सारख्या आहेत आणि तरी बसत नाही, हे कसं?

विचारात कप हातातून निसटला. चहा फरशीभर.

"बसा बसा, उठू नका, पाय भाजतील," अमिनाबी ओरडत आली आणि एक फडकं तिनं चहावर फेकलं. पायानं सरकवत पुसायला लागली. दादामियाँ बघत होते. ते फडकं म्हणजे त्यांचा कुडता होता.

"माझा कुडता पोछ्याला घेतलास?"

"मग काय करू? तीनदा भिजवला, डाग जाईना. त्या दिवशीचाच आहे तो, तुमच्या चकत्यांचा."

"थांब."

"काय झालं?"

"पाय काढ त्याच्यावरून."

त्यांनी तो ओला कुडता उचलून झटकला आणि खिडकीच्या उजेडात धरला. एका खिशावर डाग होता, बशीएवढा काळा, मधे गोल कोरा, चकतीच्या भोकाएवढा. तेल आतल्या जाड कापडातूनही आरपार मागपर्यंत उतरलेलं. दुसऱ्या खिशावरही तसलाच गोल, पण फिकट, धुवून धुवून जेमतेम उरलेला. पान्याचा डाग लांबट पडतो. हे तर गोल होते.

"डावा कुठला हा?" ते पुटपुटले. समोर धरला की डावा उजवीकडे येतो, उलटा धरला की आणखी घोटाळा. म्हणून त्यांनी सरळ तो चहानं भिजलेला कुडता अंगात घातला.

"या अल्लाह," अमिनाबीनं कपाळाला हात लावला.

काळा डाग डाव्या मांडीवर आला. त्यांनी वाडग्यातून चकत्या घेतल्या. पाच डाव्या खिशात घातल्या, दोन उजव्या. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले. डावा खिसा मांडीवर आपटला. परत चालले. मग चार आणि तीन करून चालले, सहा आणि एक करूनही चालले. नाही. परत पाच आणि दोन.

"हेच," ते म्हणाले. "हेच होतं, अमिना. आठवी नव्हतीच."

"पण उस्ताद असं कसं करतील? एकीकडे पाच, एकीकडे दोन?"

"तेच तर समजत नाही."

तसाच तो कुडता अंगात घेऊन ते निघाले. पिवळी चकती वाडग्यात राहिली. वाटेत बद्रीनाथला हाक मारली. तो म्हणाला, "चाचा, कुडता ओला हाये तुमचा." ते म्हणाले, "असू दे, चल."

आप्पासाहेब खालीच होते, पेपर वाचत. त्यांना सांगितलं, साहेब, एका पायाखाली पाच आणि एकाखाली दोन घालतो.

"पाच आणि दोन? हे काय, रेशनचं वाटप आहे?"

दादामियाँनाही छातीठोक सांगता येईना. आयुष्यभर दोन्ही बाजू सारख्या करणारा माणूस, मुद्दाम वाकडं करायला त्याचा हात धजेना. आधी गाडीच खरी सांगते का बघू, असं त्यांच्या मनात आलं. सांगाड्याचे पाय जिथं बसतात त्या दोन जागांवर त्यांनी एक सरळ फळी आडवी ठेवली. पिशवीतून मशीनची बॉबिन काढली आणि फळीच्या मधोमध ठेवून सोडून दिली. बॉबिन जरा थांबली, आणि मग निघाली डावीकडे, फळीवरून खाली पडली, सीटखाली गेली.

"फरशीला उतार आहे," आप्पासाहेब म्हणाले. "पावसाचं पाणी जायला केलाय. मीच सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडून करून घेतलाय."

"उतार कुठल्या बाजूला आहे, साहेब?"

आप्पासाहेबांनी मान वळवून गटाराच्या जाळीकडे बघितलं. जाळी उजवीकडे होती.

ते पेपरची घडी घालायला लागले.

दादामियाँनी सुतळी घेतली. डाव्या पायाच्या जागेपासून काचेच्या चौकटीच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत धरली, गाठ मारली. मग उजव्या पायापासून डाव्या कोपऱ्यापर्यंत. गाठ पोचलीच नाही. सांगाडा सरळ होता. गाडी वाकडी होती!

"साहेब, या गाडीला कधी मार बसला होता का? डाव्या अंगाला?"

"छे छे."

"मोठा बसला असणार. आतली चौकट खचलीय."

"मुळीच नाही. आमच्या वडिलांनी फुलासारखी जपलेली गाडी आहे ही."

तेवढ्यात राधाबाई ताकाचे पेले घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पेला दादामियाँच्या हातात देत म्हणाल्या, "अहो, आता सांगून टाका की. मामंजी जाऊन चाळीस वर्षं झाली. ते काही वरून रागावायला येणार नाहीत."

"राधा, तू वर जा."

"जाते. पण चार दिवस हा म्हातारा माणूस तुमच्यासमोर फरशीवर बसून चकत्या मोजतोय आणि तुम्ही त्याला पावसाळा-उन्हाळा ऐकवताय." मग दादामियाँकडे वळून म्हणाल्या, "हे एकोणीस वर्षांचे होते. मामंजी गावाला गेले होते. हे न विचारता गाडी घेऊन मांजरी गावात गेले, मित्रांना मिरवायला. तिथं उसाच्या बैलगाडीला वाट देताना ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर घातली. मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितलं, आणि वर शपथ घातली."

आप्पासाहेब काठीच्या टोकानं फरशीवर काहीतरी नसलेलं पुसत होते.

"गाडी तशीच तुमच्या वडिलांकडे नेली, उस्तादांकडे. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत," ते म्हणाले. "पत्रा एकाकडून ठोकून घेतला. पण टप काही केल्या बसेना. माझे वडील दुसऱ्या दिवशी यायचे होते. उस्ताद मला म्हणाले, तू घरी जा, बाळ, जेव. दुसऱ्या दिवशी टप बसलेला. काय केलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही."

दादामियाँ त्या रिकाम्या जागांकडे बघत राहिले. म्हणजे एक धागा इकडेतिकडे न चालणाऱ्या उस्तादांनी रात्रभर... खचलेल्या अंगाला मुद्दाम पाच, दुसऱ्याला दोन. आणि घरी येऊन पोटच्या मुलालाही सांगितलं नाही. दुसऱ्याच्या पोराची चूक होती ना ती.

"धर रे," त्यांनी बद्रीनाथला सांगितलं.

डाव्या खिशातून पाच काढून डावीकडे ठेवल्या. उजव्यातून दोन, उजवीकडे. सांगाडा उचलला, पाय टेकवले, बोल्ट हातानंच निम्मे फिरले. कमानी वर ओढल्या. पुढची पट्टी चौकटीवर आली आणि दोन्हीकडून एकदम टेकली. दादामियाँनी उजवा खटका लावला, लागला. डावीकडे गेले. डाव्या खटक्यावर अंगठा ठेवला आणि जरा थांबले. मग दाबला.

खट्.

"वाजला एकदाचा," आप्पासाहेब म्हणाले आणि नाक पुसलं.

"मस्त बसला, चाचा," बद्रीनाथ म्हणाला. "मले वाटलं होतं, बसतच नाही हा."

पुढच्या दोन दिवसांत कापड चढलं. दादामियाँनी आतल्या अस्तराला डाव्या कोपऱ्यात, जिथं सहज कोणाचं लक्ष जाणार नाही, एक पांढरी पट्टी शिवली. त्यावर लाल दोऱ्यानं अक्षरं भरली. डावीकडे पाच, उजवीकडे दोन, हे असंच आहे, आठवी शोधू नये. आप्पासाहेबांनी चष्मा लावून ते वाचलं.

"कारण लिहिलं नाहीत ते बरं केलंत."

"ते उस्तादांनीही लिहिलं नव्हतं, साहेब."

घरी कामरानला सगळं अमिनाबीनं सांगितलं. खिसे, डाग, बॉबिन, मोरीचा कठडा, सगळं हातवारे करून. दादामियाँ खाटेवर बसून चष्मा शोधत होते. चष्मा डोक्यावर होता. कामराननं तो बघितला. उठून आपल्या बॅगेतून किल्ली काढली, खिडकीतल्या वाडग्यापाशी गेला, आणि पाठमोरा होऊन बराच वेळ काहीतरी करत राहिला.

मग अब्बांच्या हातात दिली. किल्लीच्या कडीत ती पिवळी चकती ओवलेली होती.

"एवढं मोठं लोढणं लावलंय," तो म्हणाला. "आता हरवली तर मात्र बघा."

दादामियाँनी ती उलटीसुलटी करून पाहिली. कडा जरा ओबडधोबड कापली गेली होती. उद्या तासून घेऊ म्हणाले.

"कुठल्या खिशात ठेवू?"

"कुठल्याही ठेवा, अब्बा."

"असं नसतं," दादामियाँ म्हणाले. शटरचं कुलूप कुठल्या बाजूला असतं ते डोळे मिटून आठवलं, आणि किल्ली डाव्या खिशात टाकली.